पांढऱ्या चादरीवर जांभळा कुठून आला?

वाचकांचे प्रश्न, चित्रकलेच्या बाईंची उत्तरं

मागच्या अंकात मी पिएर बोनार या फ्रेंच चित्रकाराच्या ‘कॉफी’ या चित्रावर लिहिलं होतं. १९१५ सालचं हे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. लाल-पांढऱ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ, कप तोंडाला लावलेली त्याची जोडीदार मार्थ, शेजारी टेबलावर पाय टेकलेला कुत्रा, आणि चौकटीनं अर्धवट कापलेली दुसरी बाई. घरातल्या साध्या गोष्टी रंगवणाऱ्या या मंडळींबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेते.

प्रश्न : बाई, तुमचा लेख वाचून मुलीनं मला मोबाइलवर बोनारची आणखी चित्रं दाखवली. त्यात एक पांढऱ्या खोलीचं आहे. पण ती खोली पांढरी कुठे आहे? कुठे पिवळट, कुठे जांभळट, मधेच निळसर. आणि खाली वाकलेली बाई तर मुलीनं बोट ठेवून दाखवेपर्यंत मला दिसलीच नाही. हे रंग त्याला खरंच दिसत होते, की त्यानं मनाचे लावले?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : तुम्ही पाहिलंत ते १९३२ सालचं, ग्रनोबल शहराच्या संग्रहालयातलं चित्र. पांढरं दार, खोली गरम ठेवणारा पांढरा रेडिएटर, टेबल, आणि मांजराकडे वाकलेली मार्थ जमिनीच्या रंगातच विरघळून गेलेली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की रंग त्याला दिसतही होते आणि त्यानं मनाचेही लावले. आधी दिसण्याचं बघू, कारण ते तुम्हाला तुमच्याच खोलीत पडताळून पाहता येईल.

तिन्हीसांजेला, बाहेर आभाळात अजून उजेड असताना, खिडकीजवळ पांढरी चादर अंथरा. तिच्यावर स्टीलचं फुलपात्र ठेवा. खिडकीच्या समोरच्या बाजूला पिवळ्या उजेडाचा बल्ब लावा. पांढरी ट्यूबलाइट नको, तिनं काम होणार नाही. आता फुलपात्राच्या दोन सावल्या पडतील. बल्बचा उजेड जिथे अडतो तिथे फक्त आभाळाचा उजेड पोचतो, ती सावली निळी दिसेल. खिडकीचा उजेड जिथे अडतो तिथे फक्त बल्बचा पोचतो, ती नारिंगीकडे झुकेल. चादर पांढरीच आहे, पण तिच्यावर निळा आहे, नारिंगी आहे, आणि जिथे दोन्ही मिसळतात तिथे कितीतरी मधल्या छटा आहेत. हे एरवी दिसत नाही, कारण आपल्याला चादर पांढरी आहे हे माहीत असतं आणि त्या माहितीवर आपण समाधान मानतो. बोनारनं ते समाधान नाकारलं.

मुंबईकरांना तर हे सहज कळावं. पावसाळ्यात खिडकीवर निळी ताडपत्री बांधली की अख्खी खोली निळी होते. बिल्डिंगचं काम निघालं आणि बाहेरून हिरवी जाळी चढवली की घरात महिनोन्‌महिने हिरवा उजेड असतो. त्या उजेडात गुलाबी साडी धुरकट, मळकी दिसते. साडी तीच असते, तिच्यावर पडणारा उजेड बदललेला असतो.

दुसरी गोष्ट शेजारच्या रंगाची. पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा गालिचे आणि भिंतीवरचे पडदे विणण्याचा सरकारी कारखाना होता. तिथल्या रंगकामाचा प्रमुख शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ. त्याच्याकडे तक्रार आली की काळी लोकर पुरेशी काळी दिसत नाही. त्यानं तपासलं तर रंग चोख होता. घोटाळा शेजारच्या धाग्यांचा होता. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो, हे त्यानं १८३९ साली सविस्तर मांडलं. पिवळ्याशेजारचा करडा म्हणूनच जांभळट वाटतो. पुढच्या चित्रकारांनी हे नीट ध्यानात घेतलं. बोनारच्या पांढऱ्यातला जांभळा जवळून पाहिलात तर तो एकसंध लावलेला नाही, छोटे छोटे फटकारे शेजारी शेजारी ठेवले आहेत. आपल्या धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, साडी हलली की तिसराच रंग चमकून जातो, तसं काहीसं ते आहे.

आता मनाचं. बोनार टेबलासमोर ईझल, म्हणजे चित्र ठेवायची घोडी, मांडून बसत नसे. खिशातल्या छोट्या रोजनिशीत पेन्सिलीनं चार रेघा ओढायचा, त्या दिवशी हवा कशी होती तेही लिहायचा. १९२७ पासून जवळजवळ वीस वर्षांच्या अशा रोजनिश्या उपलब्ध आहेत. मग खोलीत येऊन, चौकटीवर न ताणलेला कॅनव्हास सरळ भिंतीला टाचण्यांनी लावायचा आणि आठवणीतून रंगवायचा. एका वेळी अनेक चित्रं, एकेका चित्रावर महिने, कधी वर्षं. म्हणजे समोर उजेड नव्हताच. उजेडाची आठवण होती, आणि ती फक्त रंगांतूनच पुन्हा उभी करायची होती.

वाकलेली बाई उशिरा दिसली याचं वाईट वाटून घेऊ नका. खोलीत एकदम शिरल्यावर जे दिसतं ते मला दाखवायचं आहे, असं बोनार म्हणायचा. आपण घरात शिरतो तेव्हा आधी खिडकीचा झोत डोळ्यावर येतो, मग टेबल, आणि कोपऱ्यात कुणी बसलंय हे नंतर लक्षात येतं. तुमच्या डोळ्यांनी त्याला हवं तेच केलं.

प्रश्न : माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. आई लोकांचे ब्लाउज शिवायची. दहा बाय बाराच्या खोलीत मशीन, कापडाचे ढीग आणि आम्ही भावंडं. मागे तुम्ही एका चित्रकाराचा ओझरता उल्लेख केला होता, ज्याची आई शिवणकाम करायची. त्याच्याबद्दल लिहा ना.
— एक निवृत्त गिरणी कर्मचारी, लालबाग

उत्तर : दादा, तुमच्या पत्रानं मला मनापासून आनंद झाला, कारण बोनारपेक्षाही हा माणूस मला जवळचा आहे. एदुआर व्युयार. जन्म १८६८, बोनारपेक्षा एका वर्षानं लहान आणि त्याचा जन्माचा दोस्त. तो शाळकरी असतानाच वडील गेले. आई बायकांच्या कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणाऱ्या आतल्या चोळ्या, शिवायची, आणि घर हेच तिचं कारखान्याचं ठिकाण होतं. व्युयारनं लग्न केलं नाही. १९२८ साली आई जाईपर्यंत तो तिच्याजवळच राहिला, तेव्हा तो साठीला आला होता. कापडाच्या चिंध्या, दोऱ्याची रिळं, शिवणाऱ्या मुलींच्या वाकलेल्या माना यांतच त्याचा डोळा तयार झाला.

त्याचं १८९३ सालचं ‘चित्रकाराची आई आणि बहीण’ हे चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. आकार जेमतेम ४६ बाय ५६ सेंटिमीटर, म्हणजे वर्तमानपत्राच्या एका पानाएवढंही नाही. मधोमध काळ्या कपड्यांत आई बसली आहे, पाय फाकून, हात गुडघ्यांवर, घरची कर्ती बाई बसते तशी. डावीकडे बहीण मारी भिंतीला चिकटून उभी. तिच्या झग्याची नक्षी आणि भिंतीच्या कागदाची नक्षी एकमेकींत इतकी मिसळली आहे की मुलगी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते सांगणं कठीण. तिनं मान वाकवली आहे, जणू सरळ उभी राहिली तर चित्राच्या वरच्या कडेला डोकं लागेल.

काही लोक याला नुसती नक्षीची गंमत म्हणतात. मला ते पटत नाही. लहान खोलीत खूप माणसं राहतात तेव्हा माणूस आणि सामान यांच्यात अंतर उरत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. पडद्याची फुलं, आईच्या साडीची फुलं, उशांच्या अभ्र्यांची फुलं, आणि त्यात मिसळून गेलेली ताई. व्युयारनं ते जसंच्या तसं रंगांतून मांडलं. आईचा काळा रंग तेवढा वेगळा उभा राहतो, कारण त्या घरात आपली जागा असलेली ती एकटीच आहे.

त्याच्या रंगांच्या घडणीचंही सांगते. व्युयार नाटकांचे पडदे रंगवायचा, तिथे त्याला सरसाचा रंग हाताळायची सवय लागली. कोरडी भुकटी आणि गरम सरस. आपण पूर्वी भिंतींना डिस्टेंपर द्यायचो, त्याच जातीचा हा रंग. सरस गरम ठेवावा लागतो, नाहीतर थिजतो, आणि ओला असताना दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर रंग बराच फिका पडतो; म्हणजे वाळल्यावर काय होणार याचा अंदाज आधीच बांधून लावायचा. तेलरंगाची चकाकी त्याला नसते. पुढे पुढे व्युयारनं मोठ्या चित्रांसाठी हाच रंग धरला. चकाकी नसल्यामुळे उजेड त्या चित्रांवरून परतत नाही, आत मुरतो. छोट्या चित्रांत तर तो पुठ्ठ्यावर रंगवायचा आणि कितीतरी ठिकाणी पुठ्ठ्याचा तपकिरी रंग तसाच सोडून द्यायचा. तो तपकिरीच त्या घरातला संध्याकाळचा उजेड होऊन बसतो.

तुमच्या त्या खोलीचा एखादा फोटो असेल तर त्यात आईच्या मशीनवर कुठून उजेड पडतोय ते बघा. आणि जमल्यास कागदावर काढा. चित्र येत नाही म्हणून थांबू नका.

प्रश्न : बाई, मी अकरावीत आहे. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा ‘ए’ ग्रेडनं झाली. आमच्या शाळेत सावलीला काळा मिसळायला शिकवलं. क्लासचे सर म्हणतात काळ्याला हात लावू नकोस. हळदणकरांची दिवा घेतलेली मुलगी मला फार आवडते, पण त्यात तर केवढा अंधार आहे! मग खरा उजेड कुणाचा, हळदणकरांचा की बोनारचा?
— एक विद्यार्थिनी, कांदिवली

उत्तर : बाळा, दोघांचाही. पण दोघांची वाट वेगळी आहे आणि ती तुला आत्ता कळली तर पुढची बरीच वर्षं वाचतील.

सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ते चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं. ते मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. खूप जणांना ते राजा रवि वर्म्यांचं वाटतं आणि तेलरंगातलं वाटतं. दोन्ही खरं नाही. ते जलरंगात आहे, आणि त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. ज्योतीपुढे धरलेला तळहात बघ. बोटांच्या फटींतून लालसर उजेड झिरपतोय. जलरंगात उजेड वरून लावता येत नाही, कागदाचा पांढरा आधीपासून राखून ठेवावा लागतो. म्हणजे पहिला हात फिरवण्याआधीच ज्योत कुठे, गाल किती उजळ, पदर किती गडद, हे सगळं डोक्यात पक्कं हवं. इथे उजेडाला उगम आहे, आणि त्याच्यापासून लांब जावं तसं सगळं पायरीपायरीनं गडद होत जातं. हे गडद-फिक्याचं काम.

बोनारच्या चित्रात उगम शोधायला गेलीस तर बहुतेक वेळा सापडणार नाही. तिथे उजेड रंगांच्या शेजारामुळे तयार होतो. नारिंगीलगत निळा, पिवळ्यालगत जांभळा, आणि गडद-फिकेपणात दोघांत फारसा फरक नाही. डोळा एका जागी ठरत नाही, त्यामुळे पृष्ठभाग हलल्यासारखा, उजळल्यासारखा वाटतो.

हे स्वतः करून बघ. दोन्ही चित्रांचे फोटो मोबाइलवर घे आणि कृष्णधवल कर. हळदणकरांची मुलगी तशीच उभी राहील, दिवाही पेटलेला राहील. बोनारच्या त्या पांढऱ्या खोलीतली बाई मात्र आणखीच हरवेल, कडा पुसल्या जातील. यातला कुणी कमी नाही. एकाचं चित्र गडद-फिक्यावर उभं आहे आणि दुसऱ्याचं रंगावर, एवढंच त्यातून समजतं.

काळ्याबद्दल : शाळेत सांगितलं ते परीक्षेच्या वेळात झटपट सावली दाखवण्यासाठी सोयीचं होतं. पण पिवळ्यात काळा मिसळून बघ, शेवाळी हिरवट होतो. आंब्याची सावली कुजक्या पानासारखी दिसायला लागते. त्याऐवजी पिवळ्यात थोडा जांभळा मिसळून बघ. तुझे सर हेच सांगत असणार. तरी ‘काळ्याला हात लावू नकोस’ हा नियम मी तुला देणार नाही. वरच्या उत्तरातल्या व्युयारच्या आईचा काळा बघ. तो अंधार म्हणून लावलेला नाही, तो एक रंग आहे, लाल किंवा हिरव्याइतकाच ठाम. सावलीत आळसानं मिसळलेला काळा आणि विचार करून ठेवलेला काळा यांतला फरक ओळखायला लाग.

१८८८ साली सेरुझिए नावाचा एक तरुण चित्रकार फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात गोगँ या चित्रकाराकडे गेला होता. गोगँनं त्याला शेजारी उभं करून विचारलं की ही झाडं कशी दिसतात तुला, पिवळी? मग पिवळा लाव. सावली निळसर वाटते? मग शुद्ध निळा लाव. सिगारच्या पेटीच्या झाकणाएवढ्या फळीवरचं ते छोटं चित्र सेरुझिएनं पॅरिसला आणून दोस्तांना दाखवलं, आणि बोनार-व्युयारचा सगळा कंपू त्यानं पेटून उठला. तुझ्या वयाहून थोडीच मोठी मुलं होती ती.

प्रश्न : बोनारनं आपल्या बायकोची आंघोळीची चित्रं इतकी का काढली? माझ्या सुनेनं एकाचं पोस्टर दिवाणखान्यात लावलंय. मला संकोच वाटतो, पण चित्रावरून नजरही हटत नाही.
— एक आजी, मुलुंड

उत्तर : आजी, तुमचा संकोच मी समजू शकते. पण ती चित्रं शरीर मिरवण्यासाठी काढलेली नाहीत, म्हणूनच तुमची नजर हटत नसावी. मार्थ आणि बोनार १८९३ मध्ये भेटले, लग्न १९२५ मध्ये केलं. तिची तब्येत नाजूक असायची आणि उपचार म्हणून ती पुष्कळ वेळ पाण्यात घालवायची, असं सांगतात. १९२६ मध्ये त्यांनी दक्षिण फ्रान्समध्ये ल कानेला एक छोटं घर घेतलं. तिथल्या न्हाणीघरात बोनारला आपल्या आयुष्याचा विषय सापडला.

पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात ‘टबमधली स्त्री आणि लहान कुत्रा’ हे चित्र आहे. १९४१ मध्ये सुरू केलं, १९४६ मध्ये संपवलं. मार्थ १९४२ च्या जानेवारीत गेली. म्हणजे ती गेल्यावरही चार वर्षं तो हे चित्र रंगवत होता. ती सत्तरी ओलांडून गेली, चित्रात मात्र तरुण आहे. टाइल्स निळ्या, सोनेरी, नारिंगी, जांभळ्या अशा एकमेकींत वितळतात, पाण्याखालच्या अंगावर तेच रंग उतरतात. युद्धाचा काळ, घर रिकामं, आणि म्हातारा माणूस भिंतीला टाचलेल्या त्या कॅनव्हासवर रंगाचा एकेक ठिपका ठेवत राहतो. मला यात फार मोठी माया दिसते. सुनेला म्हणा पोस्टर राहू दे.

बोनारचा रंगाचा ध्यास शेवटपर्यंत सुटला नाही. फुललेल्या बदामाच्या झाडाचं त्याचं शेवटचं चित्र. हात चालेना तेव्हा त्यानं भाच्याला सांगून खालच्या कोपऱ्यातला हिरवा पिवळ्यानं झाकून घेतला. १९४७ च्या जानेवारीत तो गेला.

प्रश्न : ही चित्रं मुंबईत बसून नीट कशी बघायची? परदेशी जाणं आमच्या आवाक्यात नाही.
— एक वाचक, परळ

उत्तर : वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी आणि शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट त्यांच्या संग्रहातली कितीतरी चित्रं इंटरनेटवर मोठ्या आकारात मोफत देतात. व्युयारचा ‘पिवळा पडदा’ वॉशिंग्टनला आहे. मोबाइलऐवजी मोठ्या पडद्यावर, खोलीतला दिवा मंद करून बघा, आणि एकेक चित्र वेळ देऊन बघा.

पण पडद्यावर भागवू नका. काळा घोड्याला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, शेजारी जहांगीर कलादालन, समोर छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. चालत जाण्याच्या अंतरावर एवढं सगळं असणारं दुसरं शहर आपल्याकडे विरळाच. खरा रंग, खरा फटकारा बघायची सवय तिथे लावा. अमृता शेरगिलचं चित्र कुठे पाहायला मिळालं तर सोडू नका. १९२९ ते १९३४ ती पॅरिसमध्ये होती, गोगँ आणि सेझान या फ्रेंच चित्रकारांची चित्रं पचवून परतली. तिच्या ‘तीन मुली’ या चित्राला १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्या मुलींच्या गप्प बसण्यातला लाल आणि हिरवा पाहिलात की बोनार-व्युयार आपसूक जवळचे होतील.

प्रश्न : मुलीनं काढलेलं जलरंगाचं चित्र फ्रेम करून घेतलंय. कुठे लावू? दिवा कोणता लावू?
— एक गृहिणी, विलेपार्ले

उत्तर : उन्हाच्या भिंतीवर मुळीच नको. व्हॅन गॉगनं १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल गावातल्या आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र रंगवलं, तेव्हा भिंती फिकट जांभळ्या आहेत असं त्यानं स्वतः पत्रात लिहिलं होतं. आज चित्रात त्या निळ्या दिसतात, कारण त्यातला लाल रंग उजेडानं उडून गेला. विद्यार्थी वापरतात त्या स्वस्त रंगांतले गुलाबी-किरमिजी तर त्याहून लवकर उडतात.

बाहेरच्या बाजूची, पावसाळ्यात ओल येणारी भिंतही टाळा. आतली कोरडी भिंत निवडा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल आणि बुरशी धरणार नाही. काच चित्राला टेकता कामा नये, मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच. तो आम्लमुक्त पुठ्ठ्याचा मागून घ्या. श्रावण संपला की एकदा फ्रेम उतरवून मागची बाजू बघा.

दिवा घेताना वॅटबरोबर खोक्यावरचे आणखी दोन आकडे वाचा. एक केल्व्हिनचा : ६५०० म्हणजे निळसर पांढरा, २७०० ते ३००० म्हणजे पिवळा. चित्रासाठी मधला, ४००० च्या आसपासचा घ्या. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप. तो ९० किंवा जास्त हवा. साध्या एलईडी बल्बचा बहुधा ८० च्या आसपास असतो आणि त्यात लाल रंग मरगळतो. दिवा चित्राच्या समोर नको, काचेत दिसेल. छतावरून तिरपा पडू द्या. आणि मुलीनं ते चित्र कोणत्या उजेडात काढलं ते तिला विचारा. खिडकीपाशी दिवसा काढलं असेल तर रात्री दिव्याखाली त्यातले निळे तिला ओळखू येणार नाहीत, तेव्हा रंग निवडतानाच ते तिच्या ध्यानात असू दे.